दोन कुलपं आणि एक निळा कोट

१

"चोरी! अहो, बाहेर या सगळे! चोरी झाली!"

भोंगा ओरडला की गल्लीला वेगळं बोलावणं लागत नाही. दिव्यांचं दुकान चालवणारा हा गडी घरात चहा मागायचा तरी पलीकडच्या रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. भोंगा हे नाव उगाच पडलेलं नव्हतं, आणि त्याला त्याचा अभिमानच होता. पण आजचा ओरडा निराळा होता. चष्म्यांच्या दुकानात चष्मेताईने पुसायला घेतलेली काच तशीच टाकली आणि पायात चप्पल अडकवत ती धावली.

कोपऱ्यावरच्या दुकानाचं दार सताड उघडं होतं. आत भोंगा, बेकरीवाल्या मावशी आणि घड्याळवाला असे तिघं उभे होते. समोर, टेबलाच्या शेजारी, कपड्यांचा पुतळा नुसत्या सदऱ्यावर उभा होता. त्याच्या अंगावरचा निळा कोट नाहीसा झाला होता.

"अगं बाई!" ताई म्हणाली. "नेमका आजच?"

आज काय होतं ते सांगायला हवं. रस्त्यापलीकडे पाच मजली मॉल उभा राहिला आणि गल्लीतल्या दुकानांवर माशा मारायची पाळी आली. एकेकट्याने जाहिरात करायची ऐपत कोणाचीच नव्हती. शेवटी शिंपीकाकांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. "एकेकटे मरण्यापेक्षा एकत्र जगून बघू," असं ते म्हणाले आणि त्यातून ही कल्पना निघाली. कोपऱ्यावरचं रिकामं दुकान घ्यायचं, त्याच्या मोठ्या काचेमागे एक घर सजवायचं आणि त्या घरातली एकूण एक वस्तू याच गल्लीत झालेली असेल. टेबलावर मावशींचे पाव, भिंतीवर घड्याळवाल्याचं घड्याळ, छताला भोंग्याचा पितळी दिवा, कपाटाला कुलूपवाल्याचं कुलूप. आणि घरचा यजमान म्हणून उभ्या केलेल्या पुतळ्याच्या अंगात काकांनी शिवलेला कोट, नाकावर ताईचा चष्मा. काकांनी अट एकच घातली होती. दुकानातलं उरलंसुरलं आणून ठेवायचं नाही. या घरासाठी म्हणून प्रत्येकाने नवं काहीतरी करायचं.

त्या घराचं उद्घाटन आज होतं. वर्तमानपत्रवाले येणार होते. मुख्य पाहुणे होते शहरातले मोठे डॉक्टर. चष्म्याची दांडी बदलायला ते आले होते तेव्हा ताईनेच त्यांना गळ घातली होती. "येतो की," पोटावरून हात फिरवत डॉक्टर म्हणाले होते, "त्या निमित्ताने नवा कोट तरी अंगावर चढेल."

ताई पुतळ्यापाशी गेली. चष्मा नाकावर जिथल्या तिथे होता. दोन्ही लाकडी हात खांद्यात नीट बसवलेले होते आणि सदऱ्याच्या बाह्यांची बटणंसुद्धा लावलेली होती. तिने मागून बघितलं. पुतळ्याच्या कापडी मानेत टाचण्यांची एक सरळ रांग खोचलेली होती. काल कोट पाठीकडून चिमटा घेऊन याच टाचण्यांनी आवळला होता, एवढं तिला आठवलं.

"कुलपं तोडली का?" तिने विचारलं.

"तोडली कसली!" भोंगा म्हणाला. "ओरखडासुद्धा नाही. मावशींनी वरचं उघडलं, टिकटिकने खालचं उघडलं. रोजच्यासारखं."

टिकटिक म्हणजे घड्याळवाला. तो शब्द मोजून बोलायचा, म्हणून त्याने नुसती मान हलवली. दाराला दोन कुलपं होती आणि वरच्याची किल्ली मावशींकडे, खालच्याची टिकटिककडे असायची. हीसुद्धा काकांचीच युक्ती. "एकमेकांवर विश्वास आहेच," ते म्हणाले होते, "पण दोन कुलपं असली की तो जास्त टिकतो." एकट्याला ते दार उघडणं शक्यच नव्हतं.

"एकट्याला शक्य नाही," भोंगा हळू बोलायचा प्रयत्न करत म्हणाला, तरी भिंती घुमल्या. "एक माणूस सोडून. दोन्ही कुलपं कोणाच्या दुकानातली आहेत?"

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. हातात तेलाची कुपी घेऊन तिथे कुलूपवाला उभा होता. चष्मेताईचा सख्खा धाकटा भाऊ.

२

"बोल की!" भोंगा त्याच्यावर चालून गेला. "या कुलपांच्या किल्ल्या तूच घडवल्यास. आणखी एकेक घडवून खिशात ठेवायला तुला किती वेळ लागतो?"

कुलूपवाल्याने कुपीचं बूच लावलं. त्याने एकदा रिकाम्या पुतळ्याकडे बघितलं आणि मग गल्लीच्या दिशेने. तिकडून शिंपीकाका येत होते. पांढरे केस, गळ्यात मोजमापाची फीत, काखेत कापडात बांधलेलं एक गाठोडं. गर्दी बघून ते दारातच थांबले.

"काका, तुमचा कोट गेला!" मावशींनी रडवेल्या आवाजात सांगितलं. "मेल्याने रात्रीत येऊन उचलला हो!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. काखेतलं गाठोडं त्यांनी पाठीमागे घेतलं आणि दाराशेजारच्या स्टुलावर बसले. "गेला का," ते म्हणाले. "बरं. जाऊ द्या."

"जाऊ द्या?" भोंगा उसळला. "अहो, पोलिसांना बोलवा!"

"पोलीस नकोत. आजच्या दिवशी गल्लीची शोभा होईल. पुतळ्याला काहीतरी दुसरं घालू. विषय संपवा."

"मग निदान हा माणूस तरी आमच्यात नको." भोंग्याने कुलूपवाल्याकडे बोट दाखवलं. "माझ्या दुकानात, माझ्या घरात याचीच कुलपं आहेत. मला आज झोप लागेल का? मी सांगतो काय करायचं. गल्लीच्या तोंडाशी आपण जो फलक लावलाय ना, त्यावरची किल्ली पुसून टाकायची. पाहुणे यायच्या आत!"

त्या फलकावर गल्लीतल्या प्रत्येक धंद्याचं चित्र होतं. कात्री, पाव, घड्याळ, दिवा, चष्मा आणि किल्ली. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तो वाचत होता. त्यावरची किल्ली पांढऱ्या रंगाखाली गेलेली दिसली की संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला कारण कळलं असतं. शिंप्याने कोट बिघडवला तर लोक शिव्या देतात आणि पुन्हा त्याच्याकडेच जातात. पण कुलूपवाल्यावर एकदा चोरीचा आळ आला की त्याच्या दुकानाची पायरी कोण चढणार? चष्मेताई भावाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. आईवडिलांच्या मागे या पोराला तिने वाढवलं होतं आणि कसंबसं त्याचं दुकान उभं करून दिलं होतं.

"हात तर लावून बघा त्या फलकाला!" ती ओरडली. तिचा आवाज भोंग्यालाही भारी पडला. "पाहुणे यायला अवकाश आहे. तोवर मी शोधून काढते कोट कोणी नेला ते."

"आणि नाही सापडला तर?"

"तर मीच तुमची शिडी धरीन," ताई म्हणाली आणि बोलून झाल्यावर तिची तिलाच भीती वाटली.

३

आधी तिने भावाला गाठलं. तो आपल्या दुकानात एक जुनं कुलूप खोलून बसला होता, पण त्याचे हात चालत नव्हते.

"माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "काल शेवटी दार तूच लावून घेतलंस ना?"

"मी फक्त कुलपांना तेल घातलं. किल्ल्या मावशींनी आणि टिकटिकने फिरवल्या आणि घेऊन गेले."

"तेव्हा कोट आत होता?"

त्याने हातातलं कुलूप उलटं करून ठेवलं.

"अरे, काय विचारतेय मी? आत होता का?"

"ताई, मी नेला नाही. एवढंच विचार, एवढंच सांगतो. याच्यापुढे मला काही विचारू नकोस."

"म्हणजे तुला काहीतरी ठाऊक आहे!"

"लोक मला घरात घेतात, कपाटं उघडून दाखवतात. आत काय दिसलं ते मी बाहेर बोलत नाही. बोलायला लागलो तर हा धंदाच सोडायला हवा."

"शहाणाच आहेस! धंदा राहिला तर सोडशील ना? तिकडे तो भोंगा रंगाचा डबा शोधतोय!"

कुलूपवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने मान खाली घातली आणि स्क्रू फिरवायला घेतला. लहानपणीही हा असाच. मार खाईल, पण तोंड उघडणार नाही. ताईला त्याची इतकी चीड आली की तिथेच एक ठेवून द्यावीशी वाटली. त्याहून जास्त तिला रडू येत होतं, म्हणून ती तडक बाहेर पडली.

बाहेर भोंग्याला रंगाचा डबा सापडला होता.

४

मावशी भट्टीतून पाव काढत होत्या. ताईने दम न घेताच विचारलं, "काल संध्याकाळी दार लावायच्या आधी तिथून कोणी काही बाहेर नेलं का?"

"छे गं! कोण काय नेणार? सगळे आपापलं मांडत होते."

"तुम्ही?"

"मी कशाला काय नेऊ? भलतंच काय विचारतेस!"

घड्याळवाल्याकडे तेच. "नाही," एवढंच तो म्हणाला. "तू?" तेव्हाही "नाही." बोलता बोलता त्याने एक मोठं घड्याळ कापडात गुंडाळलं आणि उचललं.

"हे कुठे निघालं?"

"कोपऱ्यावर. भिंतीवर लावायचंय."

"हे तर काल तिथेच लावलं होतंस."

"मागे पडत होतं. काल काढून आणलं. रात्रभर दुरुस्त केलं."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, मग आत्ताच मला 'नाही' म्हणालास ना? काही बाहेर नेलं नाही म्हणून?"

टिकटिक चक्रावला. "ते नेणं का? ते माझंच आहे."

ताई तशीच माघारी पळाली. "मावशी! काल टेबलावर पाव ठेवले होते ना? ते कुठे गेले?"

"अगं, रात्रभर ठेवून वाळवायचे का? मी घेऊन आले. आता ताजे ठेवणार."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"त्यात काय सांगायचं?" मावशींना खरंच कळेना. "माझेच तर पाव!"

ताई त्या गरम भट्टीसमोरच उभी राहिली. मावशी खोटं बोलत नव्हत्या. टिकटिकही खोटं बोलत नव्हता. गल्लीतलं प्रत्येक माणूस दिवसभर आपला माल हातात घेऊन आत-बाहेर करत असतं. पाववाली पाव नेते, घड्याळवाला घड्याळ नेतो, आणि बघणाऱ्याला ते दिसून न दिसल्यासारखं होतं. दुसऱ्याची वस्तू उचलली तर बोंब होते. स्वतःची उचलली तर ते नेणंच नाही! रात्री कोणी दार उघडलंच नसेल. कुलपं लागायच्या आधीच, सगळ्यांच्या देखत, उजेडात, कोट चालत बाहेर पडला असेल. निघायच्या घाईत पुतळ्याकडे कोणी वळूनही बघितलं नसेल. आणि तो ज्याच्या खांद्यावर असताना कोणी मान वर करून बघणार नाही असा माणूस गल्लीत एकच होता.

"मावशी," तिने सावकाश विचारलं, "काल निघताना काकांच्या खांद्यावर काय होतं?"

"असेल काहीतरी कापडचोपड. शिंप्याच्या खांद्यावर दुसरं काय असणार? का गं?"

ताई दाराकडे वळली. पण काकांनी स्वतःचाच कोट का चोरावा? तिकडे गल्लीच्या तोंडाशी शिडी टेकवल्याचा आवाज आला.

५

शिंपीकाका दुकानात मशीनसमोर नुसते बसले होते. मघाचं गाठोडं टेबलाखाली सरकवलेलं होतं. ताईने विचारल्याशिवाय ते ओढलं आणि सोडलं. आत एक करडा कोट होता, खांद्यावर धूळ बसलेला.

"हा पुतळ्यासाठी आणला होतात ना?" ती म्हणाली. "चोरीची बातमी कळायच्या आधीच. म्हणजे निळा कोट तिथे नाही, हे तुम्हाला घरून निघतानाच माहीत होतं."

"काहीतरीच बोलतेस पोरी."

"बरं, मग माझं सगळं ऐका आणि चुकलं तर सांगा. चोराने दिवा सोडला. अस्सल पितळेचा दिवा सोडून कोट नेणारा चोर मी तरी पाहिला नाही. पुतळ्याचे हात उपसल्याशिवाय कोट निघत नाही. ते त्याने उपसले, पुन्हा खांद्यात बसवले आणि वर सदऱ्याची बटणं लावत बसला. चोराला एवढी कशाची हौस? कोटाला पाठीमागून टाचण्या होत्या. त्याही त्याने एकेक काढल्या आणि रांगेत खोचून ठेवल्या. दुसऱ्या कोणी त्या खाली फेकल्या असत्या. टाचणी जमिनीवर पडलेली ज्याला बघवत नाही त्याचंच हे काम."

काका मशीनच्या चाकावर बोट फिरवत राहिले.

"आणि त्या टाचण्यांमुळेच मला पुढचं कळलं. तुम्ही त्या पुतळ्यासाठी कोट शिवला असतात तर तो पाठीत आवळायला का लागला असता? तुमचं माप कधी चुकत नाही. तो कोट दुसऱ्याच्या अंगाचा होता काका. चांगल्या भरल्या अंगाच्या, पोट सुटलेल्या माणसाचा. त्याने शिवायला टाकलेला. तो तुम्ही आणून पुतळ्याला घातलात. आणि काल त्या माणसाने तो मागितला."

काकांनी करड्या कोटाच्या खांद्यावरची धूळ झटकली. मग त्यांचा आवाज फुटला.

"डॉक्टरांचा ड्रायव्हर आला होता. मला वाटलं होतं, कोट त्यांना पुढच्या आठवड्यात हवाय. तो म्हणाला, साहेबांना उद्या उद्घाटनालाच घालायचाय. मी काय करणार? तसाच जाऊन काढला आणि देऊन टाकला." ते थांबले. "सगळ्या गल्लीसाठी मी उन्हातान्हात फिरलो गं. फलक, परवानग्या, मालकाची मनधरणी. माझाच कोट बेतायचा राहिला. आणि अट कोणी घातली होती? मीच. नवंच करायचं म्हणून सगळ्यांना दम दिला आणि मी गिऱ्हाइकाचा कोट टांगला. सकाळी लवकर येऊन हा करडा घालणार होतो. काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. पण हे लोक आज माझ्याआधी पोहोचले."

"एवढंच होतं ना? मग तिथेच सांगायचं! लोक हसले असते आणि विसरले असते."

"सांगणारच होतो. तोवर भोंगा चोरी चोरी करून बसला होता. तोंडापर्यंत आलेलं परत गेलं."

"आणि माझ्या भावाचं नाव निघालं तेव्हा?"

काकांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "आजचा दिवस जाऊ दे, पोरी. हात जोडतो. मीच खोटा निघालो तर हे सगळं मोडेल. उद्या सांगतो सगळ्यांना."

"उद्या?" ताईचा आवाज कापत होता. ती काकांचा मान ठेवत होती म्हणून, नाहीतर आकाशपाताळ एक केलं असतं. "उद्यापर्यंत सगळं शहर त्याला चोर म्हणेल. आणि तुम्ही कशाच्या भरवशावर बसलात? डॉक्टर तोच कोट घालून येणार आहेत! मला ते स्वतः म्हणाले होते नव्या कोटाचं. मी सगळ्यांसमोर तुमची लाज काढणार नाही, काका. पण गाडी यायच्या आत तुम्ही बोला. नाहीतर मला बोलावं लागेल."

६

गल्लीच्या तोंडाशी माणसं जमली होती. फीत बांधून झाली होती, वर्तमानपत्रवाले कॅमेरे पुसत होते. भोंगा शिडीवर चढला होता. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश. खाली कुलूपवाला गर्दीच्या कडेला उभा होता. त्याच्या आजूबाजूला जागा मोकळी होती, कारण त्याच्याजवळ उभं राहायला कोणी तयार नव्हतं.

"काय चष्मेताई," वरून भोंगा गरजला, "सापडला का चोर? की शिडी धरताय?"

ताईने काकांकडे बघितलं. काका फितीजवळ उभे होते. त्यांचे ओठ हलले. पण तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या हातात कात्रीचं तबक दिलं, आणि ते तबक सांभाळत गप्प उभे राहिले.

भोंग्याने ब्रश बुडवला. पांढऱ्या रंगाचा एक पट्टा किल्लीच्या दातांवरून फिरला. ताई पुढे झाली. तिने तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी गाडी येऊन थांबली.

डॉक्टर उतरले. प्रसन्न चेहरा, भरलं अंग आणि अंगात निळा कोट.

गल्लीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. ती अर्थातच भोंग्याने मोडली.

"कोट! अहो, तो आपला कोट! चोर, चोर! पकडा त्यांना!"

मुख्य पाहुण्यांना चोर म्हणायची वेळ कुठल्या उद्घाटनाला आली नसेल. डॉक्टर दचकून मागे सरले. कॅमेरे भराभर वर झाले. मावशींनी कपाळावर हात मारून घेतला.

"मी? चोर?" डॉक्टर म्हणाले. "अहो, हा कोट याच गल्लीत शिवलाय. विचारा तुमच्या शिंप्यांना!"

"तो तर आमच्या पुतळ्याचा आहे!" भोंगा शिडीवरून म्हणाला.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं, काकांचा पडलेला चेहरा बघितला आणि हसून म्हणाले, "अच्छा, एकाच कापडाचे दोन शिवले असतील! काय हो काका, असंच ना?"

सुटकेचं दार आपण होऊन उघडलं होतं. काकांनी नुसती मान हलवली असती तरी काम भागत होतं. डॉक्टरांचा मान राहिला असता, काकांचा राहिला असता, गल्लीचाही. आणि पुतळ्याचा कोट कुलूपवाल्याने नेला, हेही कायमचं ठरून गेलं असतं. काकांची मान हलायला लागली. ताईने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, अर्धी हललीसुद्धा.

मग ते थांबले. गर्दीच्या कडेला, मोकळ्या जागेत एकट्याच उभ्या असलेल्या माणसाकडे त्यांची नजर गेली होती.

"दोन नाहीत," काका म्हणाले. "एकच आहे. हाच."

तबक खाली ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण काही लपवलं नाही. कोट डॉक्टरांचा होता, पुतळ्याला मी घातला, काल मीच काढला. चोरी झालीच नव्हती. आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं म्हणून सकाळपासून एका निरपराध पोराला तुम्ही चोर म्हणालात.

डॉक्टर खो खो हसत सुटले. "म्हणजे माझ्या आधी तुमच्या पुतळ्याने घालून बघितला म्हणा की!" असं म्हणून त्यांनी कोट काढला, स्वतः काचेमागे गेले आणि पुतळ्याच्या खांद्यावर टाकला. "आजचा दिवस राहू दे त्याच्याकडे. नुसत्या सदऱ्यावर यजमान बरा दिसत नाही."

भोंगा शिडीवरून उतरला तो आपल्याच सदऱ्याच्या बाहीने ओला रंग पुसून. त्या दिवशी तो पुन्हा ओरडल्याचं कोणी ऐकलं नाही.

७

गल्ली दुपारभर माणसांनी भरून गेली. कोटाची गोष्ट तोंडोतोंडी पसरली आणि तो कोट बघायला आलेली माणसं पाव घेऊन, दिवा घेऊन, चष्म्याची चौकशी करून परत गेली. एवढी गर्दी फलकाने खेचली नसती. कुलूपवाल्याच्या दुकानातही लोक आले. मावशी आल्या, पाव ठेवून डोळे पुसत गेल्या. भोंगा आला आणि "माझं चुकलं" हे त्याच्या आयुष्यातलं सर्वात हळू वाक्य बोलून गेला.

गर्दी ओसरल्यावर काका आले. ताई तिथेच बसली होती, ती उठायला लागली तर त्यांनी खुणेनेच बसवलं.

"तुझी माफी मागायची आहे," ते कुलूपवाल्याला म्हणाले.

"मी पाहिलं होतं तुम्हाला, काका."

"कधी?"

"काल. कोट खांद्यावर टाकून निघालात तेव्हा. मी दाराशी तेल घालत होतो."

काका आणि ताई, दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"मग बोलला का नाहीस रे?" काकांनी विचारलं.

"मी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, चोर दुसऱ्याकडे बोट दाखवतोय. आणि बोलायचं तुम्ही होतं. सकाळी गाठोडं घेऊन आलात, मला वाटलं, आता बोलतील. भोंगा माझ्यावर धावून आला, मला वाटलं, आता तरी बोलतील. तो शिडीवर चढला तेव्हाही मी त्याच्याकडे बघत नव्हतो. तुमच्याकडेच बघत होतो."

काकांनी खिशातून किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली. "माझ्या दुकानाची आहे. हिची दुसरी कर आणि तुझ्याकडेच ठेव. सगळ्यांना कळू दे, माझ्या दुकानाची किल्ली कोणाकडे असते ते."

कुलूपवाल्याने किल्लीकडे बघितलं. त्याने ती उचलली नाही.

"आज नको, काका. आज हात पुढे होत नाही माझा."

काकांनी मान डोलावली, किल्ली परत घेतली आणि पायऱ्या उतरून गेले. ते लांब जाईपर्यंत ताई गप्प बसली.

"घेतली असतीस तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली. "म्हातारं माणूस आहे. चारचौघांत कबूल केलं त्यांनी."

"घेणार आहे ना. नाही कुठे म्हणतोय?" कुलूपवाला शटर ओढायला उठला. "पण ताई, आज सकाळपासून मी थांबलो होतो. थोडं त्यांनाही थांबू दे."

दुसऱ्या दिवशी तो दुकान उघडायला आला तेव्हा काका किल्ली मुठीत धरून पायरीवर बसलेले होते.